१९ नोव्हेंबरच्या आधी: व्हाइस सिटीला परत जायची तयारी

जीटीए (ग्रँड थेफ्ट ऑटो) या व्हिडिओ गेमच्या सहाव्या भागासाठी, म्हणजे जीटीए सिक्ससाठी, तो बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीने १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख दिली आहे. वार गुरुवार. यंदाचं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे चिवड्याचा डबा तळाला जाईपर्यंत गेम दारात. जीटीए फाइव्ह १७ सप्टेंबर २०१३ ला आला, तेव्हापासून आम्ही दोघं भाऊ या दिवसाची वाट बघतोय. ओढ त्याहून जुनी आहे. नागपुरात महाल भागातल्या घरी एकच कॉम्प्युटर होता आणि त्यावर आम्ही याच मालिकेतला जुना गेम, व्हाइस सिटी, खेळायचो. गाडी मी चालवायचो आणि धाकटा शेजारी स्टुलावर बसून नकाशा बघत ओरडायचा, "दादा, डावीकडे घे, डावीकडे!" आता तेच शहर नव्याने उभं राहतंय. त्या पहिल्या रात्री खेळण्याशिवाय दुसरं काही करावं लागू नये, एवढ्यासाठी ही यादी.

सुरुवात सुट्टीपासून. ही तारीख दोनदा पुढे गेलेली आहे. डिसेंबर २०२३ च्या पहिल्या ट्रेलरमध्ये २०२५ लिहिलं होतं, मग २६ मे २०२६ ठरली आणि मग नोव्हेंबर. म्हणून साहेबांच्या कानावर आत्ताच घालून ठेवा, पण अर्ज दिवाळीच्या तोंडावर करा. गुरुवार-शुक्रवार दोन दिवस टाकले की पुढे शनिवार-रविवार आहेच. आईने मला विचारलं, "काहून रे, गेमासाठी सुट्टी?" मी हो म्हटलं. लग्नाला काढतो तशीच काढायची, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आता मशीन. गेम जाहीर झालाय तो प्लेस्टेशन ५ (पीएस ५) आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस या टीव्हीला जोडायच्या गेमिंग मशीनसाठी. पीएस ४ वर भागेल या आशेवर कुणी बसलं असेल तर नवीन मशीनसाठी पैसे बाजूला काढायला आत्तापासून लागा. माझ्याकडे पहिल्या खेपेचा पीएस ५ आहे. त्याची साठवण ८२५ जीबी म्हणतात, पण गेमसाठी हाताशी येते ती साधारण ६६७. यात जुने गेम ठासून भरलेले असतील तर आत्ताच आवरा. मी एम-टू एसएसडी, म्हणजे साठवण वाढवणारी छोटी पट्टीसारखी डिस्क, बसवली आणि ते काम घरी होण्यासारखं आहे. घेताना जेन ४ ची (चौथ्या पिढीची) आणि हीटसिंकवालीच, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी लावलेली, घ्या. बर्डीच्या बाजारात दुकानदार जुन्या पिढीची स्वस्त दाखवेल, ती पीएस ५ ला चालत नाही. मशीनच्या बाहेरची पांढरी पट्टी सरकवून काढली की आत एका स्क्रूने बंद केलेलं झाकण दिसतं. त्याच्या आत एक छोटासा गोल स्पेसर, म्हणजे एसएसडीखाली ठेवायची कडी, असतो. तो तुमच्या एसएसडीच्या लांबीच्या खाचेत, म्हणजे बहुतेक वेळा २२८० (८० मिमी लांबीच्या) खुणेवर, हलवायचा आणि मग स्क्रू लावायचा. तो स्क्रू तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडाच मोठा असतो, म्हणून खाली पांढरा टॉवेल अंथरून बसा. यूएसबीच्या हार्ड डिस्कवर पीएस ५ चे गेम नुसते ठेवता येतात, तिथून खेळता येत नाहीत.

पट्टी उघडलीच आहे तर धूळही काढून घ्या. आपल्याकडे मार्च ते जून कूलरसाठी खिडक्या उघड्या, बाहेर सिमेंट रोडचं काम, आणि ती सगळी धूळ पंख्यात. पट्टीखाली धूळ साठायला दोन भोकं मुद्दाम ठेवलेली आहेत, तिथे व्हॅक्यूम क्लीनरची नळी लावायची. माझ्या मशीनमधून करड्या कापसासारखा गोळा निघाला आणि त्या दिवसापासून पंख्याचा आवाज उतरला.

आता लाइनीचं, म्हणजे विजेचं, आणि यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय. मागे एका मोठ्या गेमच्या पहिल्याच रात्री आमच्याकडे लाइन गेली. इन्व्हर्टर होता, दिवे क्षणभर लुकलुकून चालू राहिले, पण मशीन बंद पडलं. परत लावलं तर ते स्वतःची साठवण दुरुस्त करत बसलं आणि अर्धा तास गेला. चूक सेटिंगची होती. इन्व्हर्टरवर यूपीएस आणि इको असं निवडायचं एक छोटं बटण असतं. आमचं मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून आहे आणि ते कायम इकोवर होतं. इकोवर लाइन बदलायला वेळ लागतो, तेवढ्यात पंख्या-दिव्यांना काही होत नाही पण मशीन मान टाकतं. ते यूपीएसवर करा आणि एकदा मेन स्विच पाडून बघा, मात्र त्या वेळी खेळ सेव्ह केलेला असू द्या. वेगळा यूपीएस घेणार असाल तर ६०० व्हीए क्षमतेचा कमी पडू शकतो, कारण मशीन आणि टीव्ही मिळून त्याला जड जाऊ शकतात. राउटरलाही बॅकअप द्या, नाहीतर मशीन चालू आणि डाउनलोड बंद.

डाउनलोडचा हिशोब सोपा आहे. १०० जीबीला ५० एमबीपीएसवर साडेचार तासांच्या आसपास लागतात, १०० एमबीपीएसवर सव्वादोन. वाय-फायऐवजी केबल जोडा. मोठ्या गेमचं प्री-लोड, म्हणजे तारखेआधीच उतरवून ठेवायची सोय, साधारण दोन दिवस आधी मिळतं, तेव्हा ते काम मंगळवारी रात्रीच लावून झोपा. पैसे स्टोअरच्या वॉलेटमध्ये आधीच टाका. माझं कार्ड एकदा ऐनवेळी नाकारलं गेलं, कारण बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद होते. टीव्हीवर गेम मोड चालू करा, म्हणजे बटण दाबल्यावर चित्र उशिरा हलत नाही.

गोष्ट फुटू देऊ नका. सप्टेंबर २०२२ मध्ये याच गेमचे अर्धवट व्हिडिओ बाहेर पडले होते आणि पहिला ट्रेलरही वेळेआधी फुटला. मुख्य पात्रं लुसिया आणि जेसन, गेममधलं लिओनिडा राज्य, ग्रासरिव्हर्सची दलदल, माउंट कलागा, एवढं रॉकस्टारने स्वतः दाखवलंय आणि मला तेवढं पुरे आहे. १० नोव्हेंबरपासून ही नावं फोनवर म्यूट करा आणि मित्रांच्या ग्रुपमध्ये आधीच बजावून ठेवा. घरात लहान मुलं असतील तर खेळ ती झोपल्यावरच. या मालिकेचे खेळ मोठ्यांसाठीच असतात, भाच्याने कितीही हट्ट केला तरी.

खाणं कोरडं ठेवा. तोवर बाजारात आंबिया बहाराचा संत्रा आलेला असेल, पण तो सोलून हात धुतल्याशिवाय कंट्रोलर धरू नका. तर्री पोहे सकाळी, कस्तुरचंद पार्कजवळ जाऊन. रात्री थंडी पडायला लागलेली असते, तेव्हा दोन पांघरुणं बाहेर काढून ठेवा.

दोन, कारण धाकटा पुण्याहून येतोय. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी सुरू होतं, म्हणजे १८ नोव्हेंबरच्या गाडीचं १९ सप्टेंबरला सकाळी ८ वाजता. त्याने गजर लावून ठेवलाय, मीही लावलाय. महालातलं ते स्टूल आईने अजून जपून ठेवलंय. एक पाय डुगडुगतो, या रविवारी त्याला खिळा मारून घेतो.