युरेनियमच्या वाटेला जायचं असेल तर

नाशिकमध्ये भूशास्त्र शिकणारी मुलंमुली हल्ली विचारतात, अणुऊर्जेत आपल्याला जागा आहे का? आहे, आणि माझ्या मते अणुभट्टीपेक्षा खडकांच्या, म्हणजे युरेनियम शोधण्याच्या बाजूला जास्त गरज आहे.

2047 पर्यंत 100 गिगावॉट अणुवीज, असं सरकारचं उद्दिष्ट आहे. आज आपण 9 गिगावॉटच्याही आत आहोत, देशाच्या विजेत वाटा जेमतेम 3 टक्के. अणुभट्टीचं इंधन असलेलं युरेनियम आपण कझाकस्तान, रशियाकडून घेतो. पण ते आंतरराष्ट्रीय देखरेखीखालच्या भट्ट्यांतच वापरता येतं. बाकी भट्ट्यांची भिस्त घरच्या खाणींवर.

आणि घरचं धातुक, म्हणजे युरेनियम असलेला दगड, गरीब. झारखंडच्या जादूगोडा पट्ट्यात टनभर दगडात साधारण अर्धा किलो युरेनियम. कॅनडाच्या सिगार लेक खाणीत शंभर किलोंहून जास्त! म्हणून शोधकामाला एवढी किंमत.

हे काम कसं असतं? ड्रिलिंगमधून निघालेला कोअर, म्हणजे दगडाची लांब कांडी, पेटीत ओळीने मांडलेला असतो. शेजारशेजारचे दोन तुकडे डोळ्यांना अगदी सारखे दिसतात, पण स्किंटिलोमीटर (किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र) फिरवला की एकावर आकडा झपकन चढतो. मग तिथली खोली, खडक, भेगा, सगळं बारकाईने लिहायचं. मला या कामाचा कधी कंटाळा आला नाही.

घरचे किरणोत्सर्गाला घाबरतात. खाणीत खरी काळजी रेडॉन वायूची आणि धुळीची, कारण ती फुप्फुसात जाते. म्हणून हवा खेळती ठेवणं, पाणी मारून ड्रिल करणं आणि छातीवरचा, अंगावर पडलेला किरणोत्सर्ग मोजणारा टीएलडी बिल्ला यांत हयगय चालत नाही. खाणीजवळच्या गावांची भीतीही खरी माना. मेघालयात लोकांच्या विरोधामुळे खाण सुरूच झाली नाही. गावकऱ्यांशी नीट बोलता येणं हा या कामाचाच भाग आहे.

वाट सरळ आहे: एम.एस्सी.ला 60 टक्के, गेट या प्रवेश परीक्षेची तयारी, मग भाभा अणुसंशोधन केंद्राचं वर्षभराचं प्रशिक्षण. त्यातून युरेनियम शोधणाऱ्या हैदराबादच्या अणुखनिज संचालनालयात जाता येतं. खाणअभियंत्यांसाठी यूसीआयएल ही युरेनियमच्या खाणी चालवणारी सरकारी कंपनी आहे.

एक अडचण मात्र खास आपली. नाशिकभोवती सगळा बेसाल्ट, आणि युरेनियम बऱ्याचदा सापडतं जुन्या, मुरडलेल्या, भंगलेल्या खडकांत. तेव्हा सुट्टीत भंडाऱ्याच्या साकोली पट्ट्यात किंवा सिंधुदुर्गात फील्डवर्क करा, ब्रंटन (भूशास्त्रज्ञांचा होकायंत्र) हातात घेऊन स्वतः नकाशा काढा.