मुतखडा: कळ थांबली म्हणजे खडा पडला असं नाही
खडा किडनीत गप्प बसलेला असेल तर बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. तो मूत्रवाहिनीत (किडनीतून मूत्राशयाकडे लघवी नेणाऱ्या नळीत) उतरून अडकला की लघवी मागे तुंबते, किडनी फुगते आणि कळ उठते. एका बाजूला, बरगडीखाली सुरू होऊन जांघेकडे उतरणारी, कुशी बदलून काही फरक न पडणारी. सोबत उलट्या, कधी लालसर लघवी. खडा मूत्राशयाच्या तोंडाशी आला की सारखी लघवीला लागते, जळजळते. मग इन्फेक्शन समजून नुसत्या अँटिबायोटिकवर दिवस काढले जातात.

कळ चालू असताना घटाघटा पाणी पिऊन खडा ढकलता येत नाही. उलट तुंबलेल्या जागी दाब वाढतो, म्हणून तेव्हा तहानेपुरतंच प्यावं. दुखणं थांबवायला डायक्लोफेनॅकसारखं औषध पहिलं दिलं जातं. किडनीचा जुना विकार, पोटात अल्सर किंवा गरोदरपण असेल तर ते परस्पर घेऊ नये.

थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली किंवा मुळात एकच किडनी असेल, तर सकाळची वाट पाहू नका. तुंबलेल्या लघवीतले जंतू रक्तात पसरले तर जिवावर बेततं. अशा वेळी खड्याला हात न लावता आधी स्टेंट (मूत्रवाहिनीत आतून ठेवायची बारीक नळी) किंवा पाठीतून नळी घालून लघवीला वाट करून देतात.

सोनोग्राफीत किडनीची सूज दिसते, पण मूत्रवाहिनीच्या मधल्या भागातला खडा बऱ्याचदा निसटतो. कॉन्ट्रास्टशिवाय (शिरेतून रंगद्रव्य न देता) केलेला सीटी स्कॅन सगळ्यात खात्रीचा. रिपोर्टमध्ये आकार, जागा आणि घनता (ती एचयू म्हणजे हाउन्सफील्ड युनिटमध्ये लिहितात) बघा. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

मूत्रवाहिनीतला 5 मिमीपर्यंतचा खडा बहुधा आपोआप पडतो, 5 ते 10 मिमीचा साधारण निम्म्या वेळा. त्याहून मोठ्यासाठी थांबण्यात अर्थ नाही. खडा खालच्या टोकाशी असेल तर डॉक्टर मूत्रवाहिनी सैल करणारी टॅमसुलोसिन 0.4 मिग्रॅची गोळी रोज एक देतात. त्याने रक्तदाब उतरतो, म्हणून अंथरुणातून झटकन उठू नये. लघवी बारीक गाळणीतून गाळा आणि सापडलेला खडा कोरड्या डबीत घालून तपासायला द्या.

खरी गफलत इथे होते. चार दिवसांनी कळ थांबते आणि माणूस फिरकत नाही. खडा तिथेच असला तरी किडनीतला दाब हळूहळू उतरतो, म्हणून दुखणं जातं. पण अडथळा कायम राहिला तर किडनी न दुखता निकामी होत जाते. गाळणीत खडा मिळाला नसेल तर पुन्हा स्कॅन कराच. थांबायची मुदत 4 ते 6 आठवडे, तीही ताप नसेल आणि दुखणं आटोक्यात असेल तरच.

किडनीतला 2 सेंमीच्या आतला खडा बाहेरून शॉकवेव्हने फोडता येतो. घनता 1000 एचयूच्या वर असेल किंवा खडा किडनीच्या खालच्या कप्प्यात असेल तर यश कमी. मूत्रवाहिनीतल्या खड्यासाठी लघवीच्या मार्गाने दुर्बीण घालून लेझर वापरतात, म्हणजे कुठे कापावं लागत नाही. 2 सेंमीपेक्षा मोठ्याला पाठीतून छोटं छिद्र पाडून काढणं बरं.

नंतर बहुधा डीजे स्टेंट (दोन्ही टोकांना वळलेली तीच आतली नळी) ठेवतात. तो असेपर्यंत लघवी करताना कंबरेत चमक येणं, लघवीत थोडं रक्त दिसणं नेहमीचंच. काढायची तारीख मात्र डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. विसरलेल्या स्टेंटवर काही महिन्यांत क्षार चढतात, मग तो ओढून निघत नाही, त्याच्यासाठीच वेगळं ऑपरेशन लागतं.

खडे पुन्हा होतात, फार जणांना होतात. दिवसाला किमान 2 ते 2.5 लिटर लघवी होईल इतकं पाणी हवं. एकदा 24 तासांची लघवी मोजून बघा, अंदाज हमखास चुकतो. मीठ कमी करा. दूध मात्र सोडू नका: अन्नातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला (बहुतेक खडे ज्याचे बनतात त्या क्षाराला) बांधून ठेवतं, ते कमी पडलं की ऑक्झलेट लघवीत उतरतं. खडा युरिक अ‍ॅसिडचा निघाला तर पोटॅशियम सायट्रेटने लघवीची आम्लता कमी करून तिचा पीएच 6.5 ते 7 ठेवून तो विरघळवताही येतो. डबीतला खडा तपासायचा तो यासाठीच.