अमेरिकेत आईबाबांना थेट गेटपर्यंत सोडायचंय? असं करा

आईबाबा परत निघाले की सिक्युरिटीच्या लाइनपाशी टाटा करायचा आणि पुढे ट्रे भरा, गेट शोधा, गेट बदललं तर इंग्रजीतली अनाउन्समेंट समजून घ्या हे सगळं त्या दोघांनी एकट्याने करायचं, बघवत नाही. बऱ्याच जणांना माहीतच नसतं की तिकीट नसतानाही आपल्याला आत जाता येतं.

पहिला मार्ग एस्कॉर्ट पास, काही जण गेट पास म्हणतात. बॅगा चेक-इन करताना काउंटरवरच मागायचा, आई-वडील वयस्कर आहेत, भाषेची अडचण आहे, गुडघे दुखतात, जे खरं असेल ते सरळ सांगायचं. द्यायचा की नाही हे एअरलाइनच्या हातात, म्हणून लवकर पोचा, गर्दी झाली की कोणी ऐकून घेत नाही. व्हीलचेअर बुक केली असेल तरी मागाच, ढकलणारा माणूस गेटवर सोडून निघून जातो.

दुसरा, एअरपोर्टचा स्वतःचा व्हिजिटर पास. 2001 च्या हल्ल्यांनंतर हे बंदच होतं, 2017 ला पिट्सबर्गने परत सुरू केलं, मग सिअ‍ॅटल, डेट्रॉइट, न्यू ऑर्लीन्स वगैरे. एअरपोर्टच्या वेबसाइटवर फॉर्म भरायचा, नाव आयडीवर आहे अगदी तसंच, कारण ते सिक्युरिटीच्या यादीशी ताडून बघतात. किती दिवस आधी भरायचा ते प्रत्येकाचं वेगळं, आणि रोजचे पास मोजकेच, त्यामुळे शेवटच्या क्षणावर ठेवू नका. जाताना रिअल आयडीवालं (म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नियमात बसणारं) लायसन्स नाहीतर पासपोर्ट जवळ हवा, भारतीय पासपोर्टही चालतो.

चेकिंग प्रवाशांसारखंच होतं. पोळीभाजीचा डबा जातो, ताकाची बाटली नाही, 100 मिलीच्या वर पातळ काही नको, लोणचं चेक-इन बॅगेतच टाका.

आता आणायला जाताना. भारतातून थेट आलेली फ्लाइट असेल तर पास काढून उपयोग नाही, ते इमिग्रेशन, कस्टम्स करून बाहेरच येणार, तिथेच थांबा. पण नेवार्क किंवा शिकागोला कस्टम्स करून पुढे डोमेस्टिक फ्लाइटने डेट्रॉइटला येत असतील तर पास जरूर काढा, विमानातून उतरल्या उतरल्या तुम्ही समोर असाल, एवढ्या लांबच्या प्रवासानंतर आईला तेवढंच हवं असतं.

भारतात मात्र ही सोय धरून चालू नका, तिथे व्हिजिटर तिकीट मिळालं तरी ते टर्मिनलच्या आत येण्यापुरतं, सिक्युरिटीच्या पलीकडे नाही.