बडोद्यातून मासळीच्या धंद्यात यायचं असेल तर

प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, घरात मासे खाल्ले जाणारी बडोद्याची मराठी पोरं हल्ली मला विचारतात, "ताई, तू मालवणला राहून शिकलीस, आम्हीही जाऊ का?" जा की. पण काय शिकायला जायचं ते घरून ठरवून निघा. होडीत बसून मासे पकडायचे, दर्यावर पोट भरायचं, असं डोक्यात असेल तर तो विचार इथेच सोडलेला बरा. खडपं, म्हणजे खडक, कुठे आहेत, वारा फिरला की आडोसा कुठला, कुठल्या महिन्यात कुठलं जाळं, हे तिथल्या मुलाला बापाच्या पाठीमागे बसून दहाव्या-बाराव्या वर्षी कळायला लागतं. होडीची नोंदणी, परवाना, जाळ्यांचा खर्च हे सगळं त्यानंतर येतं. आपण सयाजीबागेत वाढलेली माणसं तिथे कायम पाहुणेच.

मात्र मासा जाळ्यातून सुटल्यापासून ताटात पडेपर्यंत जे होतं, ते नीट जाणणारी माणसं फार कमी आहेत. बरीच मासळी तिथेच बिघडते. आपल्याला शिरायला जागा आहे ती तिथे. मी महाराजा सयाजीराव विद्यापीठातून प्राणिशास्त्र केलं, दूरच्या नात्यातल्या काकींकडे मालवणला राहिले आणि आता बडोद्यात घरोघरी साफ केलेली ताजी मासळी आणि सुकी मासळी पुरवते. होडीत मी बसले, पण होडीने मला जे शिकवलं ते पकडण्याबद्दल कमी आणि सांभाळण्याबद्दल जास्त.

समुद्र जवळ असताना मालवण कशाला, हे कुणीतरी विचारणारच. खंबातचं आखात आपल्यापासून दोन-अडीच तासांवर. कावी-कंबोईला स्तंभेश्वराच्या दर्शनाला गेला असाल तर तिथलं पाणी पाहिलं असेल. दिवसातून दोनदा पिंड बुडते, दोनदा उघडी पडते. भावनगरच्या बाजूला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्याही वर जातो, तर मालवणला तो जेमतेम दोन-अडीच मीटर. आखातात गाळ, वेगाचा प्रवाह आणि मैल-मैल उघडा पडणारा चिखल. तिथे लोक ओहोटीला चिखलात चालत जाऊन खुंटांना जाळी बांधतात आणि पुढच्या ओहोटीला येऊन मासळी काढतात. चिखलातून उड्या मारणारे लेवटे, म्हणजे कोकणातल्या निवट्या, हाताने पकडतात. पावसाळ्यात भरूचजवळ भाडभूतला नर्मदेत चढणारा पाला, म्हणजे हिलसा मासा, पकडतात. हे सगळं जरूर बघावं. पण नवख्याने होडीचं काम शिकायचं तर कोकणातला आडोशाचा उपसागरच बरा. केरळकडे जाणाऱ्या काही गाड्या बडोद्यावरून जातात, कुडाळला थांबणारी बघा, पुढे एसटी आहे.

गेल्या गेल्या होडी मागू नका. बाईमाणसाला होडीत घ्यायला का-कू करणारे तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, अजून आहेत, आणि पुरुष असलात तरी अनोळखी माणूस म्हणजे होडीत नुसतं ओझं. सुरुवात रापणीपासून करा. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. होडी ते अर्धगोलात टाकून येते, दोन्ही टोकांचे दोर वाळूवर असतात आणि मग गावातली माणसं दोन रांगा करून ओढत बसतात. तिथे ओढायला हात लागतातच, त्यामुळे तुम्हाला कुणी हाकलत नाही. वर चार मासे वाट्याला येतात. तळहात सोलवटतात, ते पहिल्याच सकाळी समजेल. सुती हातमोजे ओले झाले की आणखी घासतात, उघडे हातच ठीक. दोर ओढताना कान उघडे ठेवा. वारा, पाणी, मासळीचे भाव, पर्ससीनवाल्यांशी, म्हणजे मोठं जाळं वेढून अख्खा थवा उचलणाऱ्यांशी, चाललेलं भांडण, सगळं त्या रांगेत बोललं जातं. महाराष्ट्र सरकारने २०१६च्या फेब्रुवारीत पर्ससीनवर निर्बंध आणले, तो विषय कुणी काढला की अर्धा तास मोफत शिकवणी झालीच म्हणून समजा.

भरतीची वेळ काढायला शिका, कारण तिथलं सगळं वेळापत्रक तिच्यावर चालतं. मोबाइलवर तक्ते मिळतात, पण तांडेल तिथीवरून सांगतो. तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, पाणी जोरात चढतं-उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मंद. नवख्याला होडीत न्यायचं तर शहाणा तांडेल भांगाचे दिवस निवडतो. हे गणित घरी आल्यावर कावीला लावायला जाऊ नका. भरतीची लाट आखातात आत शिरेपर्यंत काही तास गेलेले असतात, त्यामुळे तिथली वेळ निराळी.

मी गेले ती फायबरची लहान होडी होती, मागे आउटबोर्ड इंजिन आणि एकूण तीन माणसं. पहाटे, मतलई वारा असताना निघायचं. अंगात लांब बाह्यांचं सुती काहीतरी, ओढणी नको, बांगड्या-अंगठ्या घरी. जाळं सुटायला लागलं की ते कशालाही अडकतं, आणि तुम्ही त्याच्या दुसऱ्या टोकाला असता. लाइफ जॅकेट मागून घ्या, ते तांडेल घालत नसला तरी. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक मोबाइलमध्ये ठेवा. पोटात कोरडं काहीतरी हवं, रिकाम्या पोटी मळमळ जास्त होते. होडीच्या मध्यावर बसा आणि नजर किनाऱ्यावर ठेवा.

बांगड्याचं जाळं प्रवाहाला आडवं सोडतात. वरच्या दोराला बोये, खालच्या दोराला शिसं, त्यामुळे ते पाण्यात पडद्यासारखं उभं राहतं. मासा आसात, म्हणजे जाळ्याच्या भोकात, डोकं घालतो आणि कल्ल्यांपाशी अडकतो. जाळं वर ओढताना तो सोडवायचा कसा, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, आणि ते कुठल्याही पुस्तकात चार ओळींत उरकलेलं असतं. शेपटीला धरून मागे खेचला तर कल्ले फाटतात, पोट फुटतं आणि तो मासा दुपारपर्यंत मऊ पडतो. डोक्याकडून पुढे ढकलून काढायचा. घाई असेल तर आस थोडा ताणायचा, मासा दाबायचा नाही. बरोबर शिंगाळा येतो, त्याचे काटे विषारी. पाकट आली तर तिच्या शेपटीपासून पाय लांब. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हातपाय बुडवून ठेवतात आणि मग दवाखाना. केंड मासा फुगून बसतो, जाळीही कुरतडतो. तो खायचा नाही, कुणी "आम्ही खातो" म्हणालं तरीही.

तांडेलकाका कमी बोलायचे. मी सोडवलेला बांगडा होडीच्या तळाशी टाकला तेव्हा तेवढे म्हणाले, "चेडवा, मासो हातात इलो की तेचा घड्याळ सुरू." आणि त्यावर गोणपाट ओढलं.

ते घड्याळ म्हणजे काय, ते प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला लवकर कळतं. मेलेला मासा आधी ताठरतो, मग सैल पडतो. पोटातली पाचकद्रव्यं स्वतःचंच पोट पचवायला लागतात, कल्ल्यांतले आणि कातडीवरचे जिवाणू आत शिरतात. तापमान शून्याच्या जवळ असेल तर हे सगळं रखडतं, कोकणातल्या उन्हात धावतं. बांगडा, तारली, कुपा यांच्यात आणखी एक भानगड असते. त्यांच्या मांसात हिस्टिडीन भरपूर, आणि मासा गरम राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामीन करतात. खाणाऱ्याचा चेहरा लाल होतो, अंग खाजतं, डोकं दुखतं, आणि घरचे म्हणतात "हिला बांगड्याची अॅलर्जी आहे." एकदा तयार झालेलं हिस्टामीन शिजवून जात नाही, तळून जात नाही, फ्रीजरमध्ये ठेवूनही जात नाही. इलाज एकच, आधीपासून बर्फ. बडोद्यात "आम्हाला बांगडा सोसत नाही" म्हणणाऱ्या कित्येकांना बांगडा सोसतो, त्याच्या प्रवासातला आळस सोसत नाही, असं माझं मत आहे.

बर्फाचं प्रमाण आपल्या हवेत एक किलो मासळीला एक किलो. ऐकायला फार वाटतं, पण त्यात कंजूषी केली की पेटी पोचते आणि मासळी पोचत नाही. लादी फोडून बारीक करायची, मोठे खडे माशाला टोचतात आणि मध्ये पोकळ्या राहतात. तळाला बर्फ, मग मासे, मग बर्फ, सगळ्यात वर पुन्हा बर्फ. वितळलेलं पाणी बाहेर जायला भोक हवं, नाहीतर खालचे मासे स्वतःच्या घाणीत पोहतात. पोट साफ केलेला मासा पोट खाली करून ठेवायचा. बर्फ पिण्याच्या पाण्याचा हवा, आणि धक्क्याजवळच्या पाण्यात मासळी धुवायची नाही, सगळ्या होड्यांचं तेल तिथेच असतं.

कापणं मी काकींकडे शिकले, विळीवर. बांगड्याचे कल्ले आणि आतडी एकत्र ओढून येतात, त्याला एक हिसका आहे, तो पाहूनच जमतो. पोटातला काळा पापुद्रा नखाने काढा, कडवटपणा त्यातच. कोळंबीचं डोकं आधी वेगळं करा, कारण तिची पाचकद्रव्यं डोक्यात असतात आणि तिथूनच ती मऊ पडते, मग पाठीतला धागा. बोंबलात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच, म्हणून तळायचा तर उघडून वजनाखाली दाबतात. काकी बांगड्याच्या कालवणात तिरफळं घालायच्या. बडोद्यात ती मिळत नाहीत, येताना पिशवी भरून आणा.

विकायची तर सुकी मासळी आपल्याला ताजीपेक्षा जास्त उपयोगाची. तिला बर्फ नको, गाडीची घाई नको. खारवायचं तर तीन-चार किलो माशाला एक किलो मीठ. मासा मोठा असेल तर पाठीतून फाडून उघडायचा, म्हणजे मीठ हाडापर्यंत जातं. वाळूवर वाळवू नका. बांबूच्या मांडवावर जाळी ताणून वाळवलेल्या मालात कचकच नसते, आणि बडोद्याचं गिऱ्हाईक एकदा दाताखाली वाळू आली की परत येत नाही. सोडे चांगले असतील तर आपल्या सीकेपी घरांमध्ये भाव विचारतच नाहीत, फक्त "अजून आहेत का" विचारतात.

आता शिक्षणाचं. बारावी विज्ञानाची मुलं हे वाचत असतील तर त्यांनी चार वर्षांची बी.एफ.एससी., म्हणजे मत्स्यविज्ञानाची पदवी, आधी बघावी. रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय १९८१ सालचं, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. गुजरातमध्ये वेरावळला आहे, आणि गुजरातचा रहिवासी दाखला असेल तर तेच सोयीचं. माझ्यासारखी प्राणिशास्त्राची पदवी घेऊन पुढे एम.एफ.एससी. करू म्हणणाऱ्यांनी पात्रतेच्या अटी नीट वाचाव्यात, तिथे बहुधा बी.एफ.एससी.च मागतात. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेचं दार त्यामुळे आपल्यासाठी बरंचसं बंद असतं. दहावीनंतर खरोखर जहाजावरच जायचं असेल तर कोची, चेन्नई आणि विशाखापट्टणमला सिफनेट या केंद्र सरकारच्या प्रशिक्षण संस्थेचे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत, त्याला कोळ्याच्या घरात जन्मावं लागत नाही. प्रक्रिया शिकायची तर केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेचं केंद्र वेरावळला आहे, तिथल्या छोट्या प्रशिक्षणांवर नजर ठेवा. वेरावळच्या निर्यात कारखान्यांना स्वच्छता आणि गुणवत्ता तपासणारी माणसं लागतात. आणि बडोद्यातच केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेचं केंद्र आहे, हे आपल्या विद्यापीठातल्या कित्येकांच्या गावीही नसतं.

स्वतःचं काही सुरू करणार असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी आधी. २०२०मध्ये आलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत बर्फाच्या पेटीसकट दुचाकी-तीनचाकीला मदत आहे. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. पैसे मागाहून येतात, त्यामुळे त्यांच्या भरवशावर गाडी बुक करू नका.

राहता बडोदा. जागा भाड्याने घेताना मासळीचा धंदा आहे हे घरमालकाला आधीच सांगा, लपवलं तर वास सांगतो. गिऱ्हाईक मराठी, बंगाली आणि मल्याळी, आणि तिघांची मासळी वेगळी. बंगाल्यांना गोड्या पाण्यातले रोहू-कटला लागतात, आपल्यांना पापलेट-सुरमई आणि कधीमधी बोंबील. वेरावळहून रस्त्याने माल येतो, सुमारे चारशे किलोमीटर, तेव्हा पेटी उघडल्यावर आधी कल्ले उचलून बघा, लाल आहेत की विटकरी. डोळा फुगीर हवा, बोट दाबलं की खळगा भरून यायला हवा. जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना बंदी, भाव चढतात आणि गोठवलेला माल ताजा म्हणून गळ्यात मारला जातो. बंदी उठते त्याच सुमारास श्रावण लागतो. मग गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र. म्हणून पहिली पेटी दसऱ्यानंतर मागवा, आणि तोवर एखाद्या बर्फवाल्याशी वर्षभराचा दर ठरवून ठेवा.