आईचे गुडघे, दोन जिने आणि आम्ही घरात केलेले बदल

माझी आई ८१ वर्षांची, आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. दोन्ही गुडघ्यांची झीज, त्यात उजवा जास्त. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात तिने भाजीला खाली जाणं बंद केलं, मग देवळात जाणं बंद झालं, मग भजनी मंडळ सुटलं, आणि आम्ही सगळे काय म्हणत होतो तर "वय झालंय, बसू दे तिला आरामात". आमची सगळ्यात मोठी चूक ती हीच. दुखतं म्हणून बसायचं, बसून बसून मांडीचे स्नायू सैल पडतात, ते सैल पडले की सगळा भार गुडघ्यावर, मग अजून दुखतं आणि माणूस अजून बसतं. फिजिओच्या मॅडमनी हे समजावून सांगितलं तोपर्यंत आईला खुर्चीतून उठवायला दोन माणसं लागत होती. आज ती एकटी उठते, काठी घेऊन रोज एकदा खाली जाते. दुखणं गेलेलं नाही, झिजलेला सांधा परत नवा होत नाही हे आधीच सांगते. पण दुखणं असतानाही चालतं फिरतं राहता येतं, ते कसं ते लिहिते.

आधी दुखणं नीट बघा. आम्ही कॅलेंडरच्या मागे लिहायला लागलो, कधी दुखलं, काय केल्यावर दुखलं, रात्री झोप लागली का. पंधरा दिवसांत कळलं की आईचा गुडघा सकाळी आखडतो पण वीस पंचवीस मिनिटांत सुटतो, आणि जास्त उभं राहिल्यावर संध्याकाळी ठणकतो. झिजेचं दुखणं साधारण असंच असतं. सकाळचा आखडलेपणा तासाभराहून जास्त राहत असेल, हाताच्या बोटांचे सांधेही सुजत असतील तर तो वेगळा वात असू शकतो, त्याचं औषध वेगळं असतं, तिथे नुसत्या मलमावर वर्षं काढू नका. आणि काही गोष्टींना थांबायचंच नाही, त्याच दिवशी डॉक्टर: सांधा लालबुंद आणि गरम होऊन ताप येणं, एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखणं, पडल्यावर पायावर भार टाकता न येणं, कंबरदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा जाणं किंवा बसायची जागा बधिर होणं.

आता खुर्चीतून उठणं, कारण सगळं इथूनच सुरू होतं. आई सोफ्यात रुतून बसायची आणि तिथून हात पुढे करायची, कोणीतरी ओढा म्हणून. आम्हीही ओढायचो, खांद्याला झटका बसायचा आणि पाय काहीच काम करायचे नाहीत. आता असं करतो. सोफा बंद, हातवाली कडक खुर्ची, बसल्यावर गुडघे कमरेच्या वर जाणार नाहीत इतकी उंच. उठताना आधी खुर्चीच्या कडेपर्यंत सरकायचं, मग दोन्ही पावलं गुडघ्यांच्या जरा मागे ओढून घ्यायची, मग पुढे झुकायचं, इतकं की नाक पायाच्या बोटांच्या वर यायला हवं, आणि मग हातांनी खुर्चीचे हात खाली दाबत उठायचं. पुढे झुकायची भीती वाटते, तोंडावर पडू असं वाटतं म्हणून म्हातारी माणसं मागे रेलून उठायला बघतात आणि परत धपकन बसतात. पहिले काही दिवस मी समोर दुसरी खुर्ची धरून उभी राहायचे, नुसता धीर म्हणून, हात नाही लावला. बसतानाही तेच, पायाच्या मागे खुर्ची लागली का बघायचं, हात मागे न्यायचे, सावकाश बसायचं.

हेच उठणं-बसणं हाच व्यायाम पण आहे. आई सकाळच्या चहानंतर पाच वेळा आणि संध्याकाळी दिवा लावायच्या आधी पाच वेळा करते. त्याशिवाय पलंगावर पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघा खाली दाबायचा, पाच आकडे मोजायचे, सोडायचं, असं दहा वेळा. आणि एक पाय दुमडून दुसरा सरळ ठेवून वीतभर उचलून धरायचा. आकडे मोठ्याने मोजायचे म्हणजे श्वास कोंडत नाही. करताना थोडं दुखलं तर घाबरायचं नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा जास्त दुखत असेल तर आदल्या दिवशीचं जास्त झालं, निम्मं करायचं. बंद नाही करायचं, निम्मं. हा फरक आम्हाला फार उशिरा कळला. आणि हे एकदा तरी फिजिओला समोर दाखवून घ्या, प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं, कोणाला कंबरेचा त्रास असतो, कोणाला हार्टचा.

काठीबद्दल जरा जास्त लिहिते कारण इथे नव्वद टक्के घरांत गडबड असते असं मला बघून बघून वाटतं. काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला नाही, उलट्या हातात धरायची. आईचा उजवा गुडघा जास्त दुखतो तर काठी डाव्या हातात, आणि उजवा पाय पुढे टाकताना काठीही त्याच वेळी पुढे टाकायची, म्हणजे भार दोघांत वाटला जातो. आम्ही पहिली काठी घेतली तेव्हा दुकानदाराने उंची न बघता हातात दिली, आम्हीही नीट विचारलं नाही, महिनाभरात आईचा खांदा धरला. उंची अशी बघा: रोजची चप्पल घालून सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचे, काठीची मूठ मनगटाच्या रेघेपाशी यायला हवी. धरल्यावर कोपर थोडंसं वाकलेलं दिसलं पाहिजे. खालचं रबर झिजून गुळगुळीत झालं की लगेच बदला, फरशीवर तेच सगळ्यात आधी घसरतं.

आणि काठी घ्यायला आई तयार नव्हती. "अगं लोकं काय म्हणतील, काल पर्यंत धडधाकट होती." मी खूप वाद घातला, उपयोग शून्य. मग खालच्या मजल्यावरच्या काकू एक दिवस आल्या, त्यांची काठी दाराशी टेकवली आणि म्हणाल्या, "मी हिच्यामुळे भजनाला जाते, तू हिच्यावाचून घरी बसतेस." दुसऱ्या दिवशी आईने काठी मागितली. तुमचं कोणी ऐकत नसेल तर त्यांच्याच वयाचं माणूस शोधा, मुलांचं ऐकणं त्यांना जड जातं.

जिना. चढताना चांगला पाय आधी वरच्या पायरीवर, मग दुखरा. उतरताना दुखरा आधी खाली, मग चांगला. एका पायरीवर दोन्ही पाय येऊ द्यायचे, मग पुढची पायरी. एक हात कठड्याला, दुसऱ्या हातात काठी. आई स्वतःला आठवण करून देते, "वर जायचा मान डाव्याचा, खाली जायचा मान उजव्याचा", आणि खरंच पुटपुटत जाते. मधल्या लँडिंगवर आम्ही सोसायटीला विचारून एक छोटी खुर्ची ठेवली. जाड चष्म्यातून किंवा दोन भागांच्या चष्म्यातून खालची पायरी धूसर दिसते, त्यामुळे पायरीच्या कडेला पिवळा पट्टा मारून घेतला, रंगाचा डबा एक लागला फक्त.

न्हाणीघर आणि संडास हा सगळ्यात धोक्याचा भाग आणि याबद्दल घरात कोणी मोकळं बोलत नाही. उकिडवं बसणं बंद. कमोड बसवणं जमत नसेल तर भारतीय भांड्यावर ठेवायची कमोड खुर्ची मिळते, पण तिचे पाय हलत नाहीत ना हे स्वतः बसून बघा. भिंतीत ड्रिल करून पक्का बसवलेला स्टीलचा दांडा हवा, टॉवेलच्या दांडीला धरून उठायची सवय असेल तर ती आधी मोडा, ती दांडी माणसाचं वजन पेलायला बसवलेलीच नसते. अंघोळीला रबरी पायांचं स्टूल, आणि बादली खाली नाही तर दुसऱ्या ठेंगण्या स्टुलावर, म्हणजे तांब्यासाठी वाकायला नको. दाराला आतून कडी लावायची नाही. सुटं पायपुसणं काढून टाका. रात्री पलंगापासून संडासापर्यंत मंद दिवा. रात्री उठताना कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, कोपराने उठून बसायचं आणि मिनिटभर तसंच बसायचं, ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू असतील तर एकदम उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते आणि बरीच माणसं तिथेच पडतात. अजून एक, संडासला जायचा त्रास नको म्हणून आई पाणीच कमी प्यायची. चौकशी करा, तुमच्याकडेही असं असेल. त्याने बद्धकोष्ठ होतं, लघवीचं इन्फेक्शन होतं. आता आम्ही पाणी दिवसा भरपूर देतो, संध्याकाळी सातनंतर कमी.

देवपूजेचं मात्र तिला फार लागलं होतं. पाटावर मांडी घालून बसायची पन्नास साठ वर्षांची सवय, आणि देवापुढे खुर्चीत बसणं तिला उद्धटपणा वाटायचा. शेवटी आम्ही देव्हाराच भिंतीवर उंच बसवला, ती खुर्चीत बसली की देव तिच्या कपाळाच्या उंचीला येतात. पहिल्या दिवशी तिने सगळे टाक पुसून परत मांडले, गंध लावलं आणि किती तरी वेळ तिथेच बसून राहिली. घरात बदल करताना त्यांचा मान राहील असं बघा, नुसती सोय बघू नका.

औषधांचं. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणातच, आणि सर्दीच्या गोळ्यांतही बऱ्याचदा तेच असतं म्हणून दोन्ही एकदम घेतलं जात नाही ना ते पाकिटावर वाचा. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, एसिक्लोफेनॅक या दुखण्याच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून महिनोनमहिने घेऊ नका, म्हातारपणी त्याने पोटात अल्सर होतो, किडनीवर परिणाम होतो, बीपी वाढतं, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर अजून धोका. गुडघ्याला डायक्लोफेनॅकची जेल लावणं त्या मानाने सुरक्षित, पण तेही डॉक्टरांना विचारून. आणि कोणीतरी दिलेल्या बिननावाच्या पुड्या, चार दिवसांत जादू झाल्यासारखा गुण, यापासून कृपा करून लांब राहा, अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. आखडलं असेल तर गरम शेक, सूज असेल तर बर्फाचा, दोन्ही टॉवेलमधून आणि पंधरा वीस मिनिटंच. डायबेटिस असेल आणि पाय बधिर असतील तर गरम पिशवी आधी दुसऱ्याने हाताला लावून बघायची, त्यांना भाजलेलं कळत नाही.

जेवणात डाळ, दही, अंडं चालत असेल तर अंडं, नाचणी. स्नायूला प्रथिनं लागतात आणि चहा-बिस्किटावर ती मिळत नाहीत. रक्तातलं व्हिटॅमिन डी आणि बी-१२ एकदा तपासून घ्या. वजन एक किलो कमी झालं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो, म्हणजे दोन तीन किलोही फुकट जात नाहीत.

चांगला दिवस आला की सगळं उरकून घ्यायची घाई, हे एक मोठं संकट. दिवाळीत आईला बरं वाटत होतं म्हणून तीन तास उभं राहून चकल्या तळल्या आणि पुढचे चार दिवस पलंगावर. आता भाजी निवडणं, लाडू वळणं सगळं टेबलाशी बसून, वीस मिनिटं काम आणि मग पाय वर. बरं वाटलं तरी वीसच मिनिटं.

पैशाचं थोडक्यात. वॉकर, व्हीलचेअर, कमोड खुर्ची लगेच विकत घेऊ नका, बऱ्याच गावांत रुग्णोपयोगी साहित्य डिपॉझिटवर वापरायला देणाऱ्या संस्था असतात, आधी वापरून बघा. ६५ च्या पुढे आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २ लाखांच्या आत असेल तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेत अशा साधनांसाठी एकदा ३००० रुपये खात्यात मिळतात. ७० च्या पुढे उत्पन्न कितीही असलं तरी आयुष्मान कार्ड, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड, निघतं. एसटीत ७५ च्या वर तिकीट नाही आणि ६५ ते ७५ ला अर्धं. काही अडलं तर ज्येष्ठांसाठी १४५६७ हा फोन नंबर आहे. गुडघ्याच्या ऑपरेशनचा विचार कधी, तर रात्रीची झोप मोडायला लागली आणि घरातल्या घरात चालणंही जमेना झालं की. नुसतं वय जास्त म्हणून नाही म्हणायचं नाही आणि नुसता एक्स-रे वाईट दिसतो म्हणून हो पण म्हणायचं नाही, कधी कधी एक्स-रे वाईट असतो आणि माणूस बरं चालत असतं.

शेवटचं, पडल्यावर काय करायचं ते आधीच शिकून ठेवा. पडल्या पडल्या उठायचं नाही. आधी दोन मिनिटं पडून राहायचं, कुठे जोरात दुखतंय का, पाय हलतोय का बघायचं. खूप दुखत असेल तर तिथेच थांबून हाक मारायची, अंगावर काहीतरी ओढून घ्यायचं. बरं वाटत असेल तर कुशीवर वळायचं, कोपरावर, मग हात-गुडघ्यांवर रांगत जवळच्या भक्कम खुर्चीपर्यंत जायचं, दोन्ही हात खुर्चीवर, चांगल्या पायाचं पाऊल पुढे जमिनीवर टेकवायचं, हातांनी दाबत उठायचं आणि वळून बसायचं. ज्यांना गुडघा टेकवता येत नाही त्यांनी बसल्या बसल्या मागे सरकत पलंगापर्यंत जावं. आम्ही हे एका रविवारी गादीवर करून बघितलं, नातवाने पण केलं आजीबरोबर. आणि फोन टेबलावर उंच ठेवू नका, जमिनीवरून हात लांब केला की लागेल असा ठेवा, किंवा गाऊनला खिसा शिवून घ्या आणि त्यात ठेवा. आईच्या सगळ्या गाऊनना आता खिसा आहे.