स्लो कुकरमधले लसणी बटाटे
१ किलो छोटे बटाटे सालासकट धुऊन, पुसून अर्धे करा. २ मोठे चमचे तेल, सव्वा चमचा मीठ, पाव चमचा हळद आणि ८ ठेचलेल्या लसूणपाकळ्या चोळून स्लो कुकरमध्ये (मंद आचेवर तासन् तास शिजवणारं विजेचं भांडं) घाला. पाणी पाव वाटीच, वाफ फारशी बाहेर जात नाही. झाकण लावून 'हाय' (जास्त आच) या सेटिंगवर ३ ते ४ तास. सुरी अलगद शिरली की झाले. सारखं झाकण उघडू नका, दर वेळी वीसेक मिनिटं वाढतात. टोमॅटो, चिंच किंवा लिंबू आधी घातलं तर बटाटा दडस राहतो, म्हणून आंबट शेवटी. मोहरी इथे तडतडत नाही, तेवढी आचच नसते. जिरं-मोहरी-कढीपत्त्याची फोडणी कढल्यात करून वरून ओता. कुरकुरीतपणाची मात्र अपेक्षा नको. हवाच असेल तर तव्यावर ५ मिनिटं परता.