‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ घरी बघायचा तर कोणती डिस्क घ्यावी आणि टीव्ही कसा लावावा

सर्जिओ लिओनेचा हा १९६६ चा इटालियन वेस्टर्न, अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या काळात पुरलेल्या सोन्यामागे लागलेल्या तिघांची गोष्ट. डिस्क हातात आली की आधी पाकीट उलटं करा आणि लांबी वाचा. १६१ किंवा १६२ मिनिटं छापलं असेल, तर इटलीबाहेर जगभर जो पिक्चर चालला तो हा. १७९ असेल, तर ती २००३ साली प्रसंग जोडून केलेली लांब आवृत्ती. आकडा १५५ च्या आसपास असेल तर काहीतरी कापलंय असं लगेच धरू नका. पाल (युरोप-भारतातली टीव्हीची पद्धत) डीव्हीडीवर सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी पळतात, त्यामुळे तोच पिक्चर चार टक्के लवकर संपतो. पण त्याबरोबर आवाजाचा सूरही वर चढतो, आणि एन्निओ मॉरिकोनेच्या संगीताचा सूर चढलेला मला सोसत नाही. दुसरं काही मिळत असेल तर ती डीव्हीडी घेऊ नका.

पहिल्यांदा बघणाऱ्याने छोटी आवृत्तीच घ्यावी, यावर मी ठाम आहे. लांब आवृत्तीत जोडलेल्या प्रसंगांचे संवाद इंग्रजीत कधी झालेच नव्हते. ते २००३ मध्ये नव्याने केले. तिघा मुख्य नटांपैकी क्लिंट ईस्टवुड आणि ईलाय वॉलक यांनी स्वतःचे आवाज दिले, तिसरे ली व्हॅन क्लीफ १९८९ मध्येच गेले होते, म्हणून त्यांच्यासाठी दुसरा माणूस बोलला. पडद्यावर १९६६ चा चेहरा आणि तोंडून म्हाताऱ्याचा आवाज, असं होतं. ज्याला पिक्चर पाठ आहे त्याला हे चालून जातं, नवख्याची मात्र तंद्री मोडते.

डिस्क लावल्यावर मेनूत आवाजाचे पर्याय येतील. ५.१ (चहूबाजूंनी येणारा आवाज) दिसलं की बोट तिकडे जातं, पण तुम्ही ‘मोनो’ (जुना, एकाच वाहिनीचा आवाज) निवडा. ५.१ करताना गोळीबाराचे कितीतरी आवाज बदलून आजच्यासारखे जड केलेत. लिओनेच्या पिक्चरमधली बंदूक तशी वाजत नाही. तिचा आवाज कोरडा आणि दऱ्याखोऱ्यांत घुमत गेलेला असतो, आणि तो संगीताच्या वाद्यांत मिसळून जातो. टीव्हीच्या रिमोटवरची ‘सराउंड’सारखी सोयही बंद करा.

ओठ आणि शब्द जुळत नाहीत म्हणून डिस्क परत करू नका. मिरजेला माझी व्हिडिओ लायब्ररी होती, तेव्हा या एका कारणासाठी गिऱ्हाइकं कॅसेट परत आणायची. “काका, आवाज मागेपुढे झालाय.” कॅसेट चांगली असायची. चित्रीकरणाच्या जागी आवाज धरलाच नव्हता. नट आपापल्या भाषेत बोलले, इटालियन, स्पॅनिश, इंग्रजी, आणि सगळा आवाज नंतर चढवला. इंग्रजी सबटायटल्स लावून बसा, दहा मिनिटांत ते खटकेनासं होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे चित्राच्या कडा. हा पिक्चर २.३५ ला १ अशा रुंद चौकटीचा आहे. व्हीएचएसच्या काळात तो जुन्या चौकोनी टीव्हीत कोंबायचा म्हणून दोन्ही बाजू कापायचे, आणि चित्राचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग जायचा. शेवटच्या प्रसंगात तिघं एकमेकांसमोर उभे राहतात, तेव्हा आमच्या कॅसेटवर दोघं आणि तिसऱ्याचा खांदा दिसायचा. तरीही ती कॅसेट कधी फार दिवस फळीवर राहिली नाही. एवढा कापलेला पिक्चर लोक पुन्हापुन्हा न्यायचे, यावरून अख्ख्याची ताकद काय असेल ते ओळखा.

कडा गेल्या की नुसता डोंगर जात नाही, लिओनेची गोष्ट सांगायची रीतच जाते. त्याच्याकडे अलिखित नियम आहे: जे चौकटीत नाही, ते पात्रांनाही दिसत नाही. टूको (वॉलक) आणि ब्लॉन्डी (ईस्टवुड) नदीकडे चाललेले असतात आणि अचानक त्यांच्यावर बंदुका रोखल्या जातात. पुढे अख्ख्या फौजेची छावणी पसरलेली असते. खऱ्या आयुष्यात एवढी छावणी लांबूनच दिसली असती. कब्रस्तानात टूको लाकडाच्या तुकड्याने माती उकरत असतो आणि बाहेरून एक फावडं येऊन पडतं. मग दुसरं फावडं पडतं. मोकळं मैदान असूनही आलेला माणूस कुणाला दिसलेला नसतो. चौकटीची कड हीच तिथे दार आहे, भिंत आहे, आड आहे. ती कड कुणी हलवली की हे प्रसंग नुसते अडाणी वाटतात.

म्हणून टीव्हीवर ‘झूम’ किंवा ‘फुल स्क्रीन’ लावू नका. वर-खाली काळ्या पट्ट्या येतील आणि चित्र टीव्हीच्या उंचीचा साधारण पाऊण भाग घेईल. घरचे म्हणतील, पडदा अर्धा रिकामाच आहे. त्यांना पहिली दहा मिनिटं द्या. शिवाय बऱ्याच टीव्हींत १६:९ वर ठेवूनही चारी बाजूंनी थोडं चित्र कापलं जातं. त्यासाठी ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’सारखी सोय मेनूत शोधा.

मेनूत शिरलातच आहात तर हेही उरका. चित्राचा मोड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ ठेवा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, नाहीतर घोडे मालिकेतल्यासारखे पळतात. ‘नॉइज रिडक्शन’ बंद, ‘शार्पनेस’ अगदी कमी. चित्रात बारीक दाणे दिसतील ते दिसू द्या. हा पिक्चर टेक्निस्कोपवर घेतला आहे. त्यात एका चौकटीला फिल्मच्या कडेच्या चारऐवजी दोनच छिद्रांएवढी फिल्म लागते, फिल्मचा खर्च निम्मा होतो आणि दाणा मोठा दिसतो. टीव्हीने तो पुसला की त्याबरोबर व्हॅन क्लीफच्या डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्याही पुसल्या जातात. लिओनेने कॅमेरा ज्यांच्या इतका जवळ नेला, ते चेहरे मेणाचे होऊन बसतात.

रंगाचं दुखणं वेगळं. २०१४ च्या सुमारास आलेल्या ब्लू-रेवर सगळीकडे पिवळट झाक आहे, आकाशसुद्धा हिरवट दिसतं. तपासायला एक प्रसंग सांगतो. टूको आणि ब्लॉन्डी दक्षिणेच्या सैनिकांचे कपडे घालून गाडीतून जात असतात. समोरून करड्या गणवेशाची तुकडी येते, टूको आपलीच माणसं समजून दक्षिणेच्या जनरल लीच्या नावाने जयजयकार करतो. अधिकारी बाहीवरची धूळ झटकतो आणि खालून उत्तरेचा निळा रंग निघतो. तिथे निळा रंग स्वच्छ निळा दिसला, तर डिस्क आणि टीव्ही दोन्ही ठीक. मळकट हिरवा दिसला तर आधी टीव्हीचा रंगाचा मोड बदलून बघा. तरी तसाच राहिला तर दोष डिस्कचा.

बाहेरून मागवणार असाल तर विभाग बघा, म्हणजे डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालते त्याची खूण. डीव्हीडीसाठी भारत विभाग ५ मध्ये येतो, ब्लू-रेसाठी ‘सी’ मध्ये, आणि अमेरिकेची ब्लू-रे ‘ए’ ची असते. ४के डिस्कला विभागाची भानगड नाही, पण प्लेअर ४के लागतो. किनो लॉर्बर या अमेरिकन कंपनीने २०२१ मध्ये काढलेल्या ४के डिस्कवर छोटी आवृत्ती आहे. परवडत असेल तर मी तीच घ्या म्हणेन.

बघायला रात्री बसा, दिवे मालवून. सुरुवातीला जवळजवळ दहा मिनिटं कुणी एक शब्द बोलत नाही. तेव्हा स्वयंपाकघरात ये-जा नको. शीर्षक-संगीताला आवाज जरा जास्त वाटेल इतका ठेवा आणि मग रिमोट लांब ठेवा. त्या सुरावटीत तिघांचे तीन आवाज आहेत: ब्लॉन्डीला बासरी, एंजल आइजला (व्हॅन क्लीफ) ऑकारिना हे मातीचं फुंकवाद्य, टूकोला माणसाचा गळा. ते आत्ताच कानात बसवलेत तर पुढे उपयोग होतो. इंटरव्हल हवाच असेल तर साधारण अर्ध्यावर, टूको आणि ब्लॉन्डी पकडले जाऊन कैद्यांच्या छावणीत पोचतात तिथे घ्या. पूल उडाल्यानंतर मात्र थांबू नका. (तो पूल चुकून कॅमेरे सुरू व्हायच्या आधीच उडवला गेला होता. स्पेनच्या सैनिकांनी तो पुन्हा बांधला आणि मग पुन्हा उडवला.) तिथून कब्रस्तानापर्यंत पिक्चर एका दमात जातो. स्पेनच्या बुर्गोस प्रांतात सैनिकांनी पाचेक हजार कबरी रचून ते कब्रस्तान उभं केलं. टूको त्यात धावत सुटतो, कॅमेरा गरगरतो, गायिका एड्डा देल’ओर्सोचा आवाज चढत जातो. त्यानंतर पाचेक मिनिटं तिघं नुसते उभे असतात, आणि डोळे, हात, कंबरेची बंदूक एवढंच दिसत राहतं.

एकदा असा बघून झाला की मग १७९ मिनिटांची आवृत्ती घ्या. गुहेत टूको आपली जुनी माणसं गोळा करतो तो प्रसंग नसता तरी चाललं असतं. पण पडक्या किल्ल्यातला प्रसंग बघाच. एंजल आइज जखमी सैनिकांमधून चालत जातो, एकाला दारूची बाटली देऊन बातमी काढतो, आणि तो कैद्यांच्या छावणीत कसा पोचला हे तिथे कळतं. व्हॅन क्लीफचा चेहरा त्या जखमींकडे बघताना जरासा बदलतो. छोट्या आवृत्तीत त्या माणसाची ही बाजू दिसतच नाही.